काकांनी अर्धवट ठेवलेले सी हॉक: धड न उघडता नाकात वजन कसे घालावे?

प्रश्न: देवगडचा पुतण्या

सर्व जाणकारांना नमस्कार.

या मे महिन्यात देवगडजवळच्या आमच्या जुन्या घराची कौले परतून घ्यायची होती, म्हणून पोटमाळा रिकामा केला. तिथे धाकट्या काकांची नौदलातली पत्र्याची ट्रंक होती. काका गेल्या वर्षी वारले. ते विमानांचे मेकॅनिक होते. १९७१ साली विक्रांतवर होते आणि पुढे बरीच वर्षे दाबोळीच्या तळावर. ट्रंकेत गणवेशाचा पट्टा आणि काही फोटो होते, आणि त्यांच्याखाली एअरफिक्सचा सी हॉक विमानाचा १:७२ प्रमाणातला प्लास्टिकचा किट होता. खोक्याचे झाकण गेलेले आहे आणि जोडणीच्या कागदाचा जवळजवळ अर्धा भाग कसरीने खाल्लेला आहे, पण मोजून पाहता सुटा भाग एकही हरवलेला दिसत नाही.

काकांनी तो जोडायला घेतला होता. धडाच्या दोन्ही बाजू चिकटवून झालेल्या आहेत. पंख, शेपटीचे आडवे पंख, चाके आणि कॅनपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) अजून स्प्रूवरच, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरच आहेत. त्यांनी ट्यूबमधला जाड गोंद वापरला असावा, कारण पाठीवरच्या सांध्यातून तो बाहेर येऊन सुकला आहे, आणि मागच्या टोकाशी दोन्ही बाजू अर्ध्या मिलिमीटरने वरखाली बसल्या आहेत. धड बंद करण्याआधी त्यांनी वैमानिक रंगवून आत बसवला होता. मी तो भिंगातून पाहिला. शिरस्त्राण पांढरे आहे, तोंडावरचा मुखवटा काळा आहे, आणि त्या दोहोंच्या मधे तिळाएवढा जो चेहरा उरतो, तो काकांनी सावळा रंगवला आहे. अशा किटमध्ये चेहऱ्यासाठी गोऱ्या कातडीचा रंग सांगितलेला असतो, तो त्यांनी घेतलेला नाही.

अडचण अशी की नाकात वजन घालायचे राहून गेले आहे. पंख आणि चाके चिकटपट्टीने तात्पुरती लावून पाहिली, तर विमान मागे शेपटीवर बसते आणि पुढचे चाक हवेत राहते. वजन घालण्यासाठी धड उघडावे, तर वैमानिकाला धक्का लागेल, आणि काकांनी केलेले काम उकलण्याची माझी इच्छा नाही. यावर काही मार्ग आहे का? दुसरे असे की डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या चिन्हांचा कागद पिवळा पडला आहे आणि त्यावर ब्रिटिश नौदलाची चिन्हे आहेत, मला मात्र विमान आपल्या नौदलाचे करायचे आहे. मृग आठ दिवसांवर आला आहे, तेव्हा रंगकाम आता करावे की पावसाळा संपू द्यावा, हेही कृपया सांगावे. लहानपणी दोन किट जोडले होते, त्यापलीकडे मला या कामाचा अनुभव नाही.

उत्तर: रत्नागिरीहून, पंधरा वर्षे किट जोडणारा

धड उघडू नका, उघडण्याची गरजही नाही. जुना गोंद सोडवण्यासाठी किट काही तास फ्रीजरमध्ये ठेवून सांध्यात पाते घालण्याची एक रीत आहे, पण ती गोंद नुसता वरवर सुकलेला असेल तेव्हाच उपयोगी पडते. ट्यूबमधला गोंद प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. तो सांधा इतक्या वर्षांनी सुटायचा नाही, प्लास्टिकच तडकेल.

वजनासाठी पुढच्या चाकाच्या खाचेतून वाट काढा. चाकाचा दांडा अजून लावलेला नाही, हे तुमचे भाग्यच आहे. खाचेच्या छताला हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडा. भोक वैमानिकाच्या आसनाकडे नको, नाकाच्या टोकाकडे तिरके गेले पाहिजे. आत टॉर्चचा प्रकाश सोडला तर जुने पातळ प्लास्टिक उजळते आणि पोकळी कुठे आहे ते बाहेरूनच कळते. वजनाला शिसे सर्वांत सोयीचे, आणि ते तुमच्या गावातच आहे. पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या कडेला जी शिशाची गोळी ओवतात, ती कोणत्याही मासेमाऱ्याकडे सुटी मिळेल. ती सुरीने चिरून मोहरीएवढे तुकडे करा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि ती सुरी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिसे आत बसवायला सुतारकामाचा पांढरा गोंद चुकूनही वापरू नका. त्या गोंदातून हळूहळू ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते. ही वाफ, दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि ही भुकटी मूळ शिशापेक्षा अधिक जागा घेते. मी बी-२५ मिचेल विमानाच्या किटच्या नाकात छऱ्याच्या बंदुकीचे छरे असेच पांढऱ्या गोंदाने भरले होते. सातव्या वर्षी कपाट उघडले तेव्हा नाकाचा सांधा उललेला होता आणि फटीतून पिठासारखा पांढरा पदार्थ बाहेर आला होता. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत हा धोका अधिकच. म्हणून दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद घ्या, दोन्ही भाग सारखे मिसळा, शिशाचे तुकडे त्यात घोळवून भोकातून काडीने आत ढकला आणि विमान रात्रभर नाकावर उभे ठेवा. इपॉक्सी घट्ट होताना तापते, म्हणून एका वेळी थोडाच भरा.

वजन किती हवे, ते आधीच ठरवून घ्या. पंख, शेपटी आणि मुख्य चाके चिकटपट्टीने लावा, मुख्य चाकांच्या आसाखाली पेन्सिल आडवी ठेवून विमान तिच्यावर तोला आणि नाकावर बाहेरून शिशाचे तुकडे चिकटवत जा. नाक खाली गेले की त्यात आणखी एक-दोन तुकड्यांची भर घाला, कारण रंगाचे आणि पुट्टीचे वजन शेपटीकडेही पडणार आहे.

पाठीवरच्या सांध्यासाठी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी पुट्टी चालते, मात्र पातळ थर देऊन प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा. जाड थरातला द्रव प्लास्टिकलाच मऊ करतो आणि पुढे तिथे खळगा पडतो. स्प्रूचे तुकडे पातळ गोंदात विरघळवून केलेली लापशीही चांगली भरते, पण तिला सुकायला आठवडा द्यावा लागतो. घासताना वॉटर पेपर ४०० पासून सुरू करून १००० पर्यंत न्यावा. या जुन्या साच्यांत पॅनलच्या रेघा आणि रिव्हेट उठावाचे असतात, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधली चिंचोळी जागाच घासा.

सर्वांत आधी सुटे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याचा तेलकटपणा आणि माळ्यावरची बुरशी दोन्ही निघून जाईल. धुताना खाली चहाचे गाळणे धरा. मोरीत गेलेला चाकाचा दांडा परत मिळत नाही. जोडणीच्या कागदाचा खाल्लेला भाग स्केलमेट्स या संकेतस्थळावर पाहायला मिळेल, तिथे जुन्या किटच्या कागदांच्या प्रती असतात.

उत्तर: अलिबागहून, किटचा संग्राहक

माझे मत वेगळे आहे. हा किट आहे तसाच काचेच्या पेटीत ठेवावा आणि जोडण्यासाठी सी हॉकचा दुसरा किट मिळवावा. एकदा पुट्टी आणि रंग चढला की काकांनी कुठवर केले आणि पुतण्याने कुठून पुढे केले, हे कोणालाही ओळखता येणार नाही. निदान आहे त्या स्थितीत सर्व बाजूंनी स्वच्छ उजेडात छायाचित्रे काढल्याशिवाय कामाला हात लावू नये, एवढी तरी विनंती.

उत्तर: वास्कोहून, निवृत्त नौसैनिक

आपले काका ज्या तळावर होते, त्याच दाबोळीच्या हंसा तळावर मी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सी हॉकवर काम केले, म्हणून लिहीत आहे. संग्राहक महोदयांचा छायाचित्रांचा सल्ला योग्य आहे. परंतु मेकॅनिकच्या हातून विमान अर्धवट राहिले, तर पुढच्या पाळीचा माणूस ते पुरे करतो, हीच आमची रीत होती. तेव्हा विमान पुरे करावे, असे मला मनापासून वाटते.

हे विमान शेपटीवर का बसते, ते त्याच्या रचनेत आहे. सी हॉकचे रोल्स-रॉइस नेने इंजिन धडाच्या मध्यावर असे. हवा दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेल्या तोंडांतून आत जाई आणि जळालेला वायू शेपटीतून न जाता दोन फाट्यांनी, पंखांच्या मागच्या कडेजवळ धडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडे. त्यामुळे मागचे धड मोकळे राहून तिथे इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. वैमानिक मात्र अगदी पुढे बसतो आणि नाक आखूड आहे. खऱ्या विमानात इंजिन, चार २० मिलिमीटर तोफा आणि इंधन यांनी समतोल साधला जातो, प्लास्टिकच्या पोकळ धडात यातले काहीच नसते. वायू बाहेर पडण्याची दोन्ही तोंडे आतून नीट घासून काळपट धातूच्या रंगाने रंगवा. हे विमान ओळखणारा माणूस आधी तिथेच पाहतो.

रंगाविषयी सांगतो. विमाने ब्रिटनहून आली तेव्हा ब्रिटिश नौदलाच्याच पद्धतीची होती, वरून गडद समुद्री करडी आणि खालून फिकट हिरवट छटेची, जिला स्काय म्हणतात. ब्रिटिश मानक ३८१ सी मध्ये पहिल्याचा क्रमांक ६४० आणि दुसऱ्याचा २१० आहे. रंग मिसळून देणारा दुकानदार हे क्रमांक सांगितल्यावर जवळची छटा करून देऊ शकेल. येथे वास्कोत बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ साली सुरू झालेले नौदलाचे विमान संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात सी हॉक उभे आहे. ते अवश्य पाहा, चाकांचे दांडे आणि पंखांच्या घड्यांच्या जागा तिथे हाताच्या अंतरावरून दिसतात. मात्र छटेसाठी त्यावर अवलंबून राहू नका. खाऱ्या हवेत उघड्यावर उभे असलेले विमान पुन्हा पुन्हा रंगवावे लागते आणि प्रत्येक वेळी तीच छटा साधेल असे नाही.

एक गोष्ट रंग देण्याआधीच तपासायला हवी. आपल्या नौदलाकडे सी हॉक दोन प्रकारे आली. काही थेट ब्रिटनकडून, आणि काही नंतर जर्मन नौदलाने वापरलेली. जर्मनांसाठी बांधलेल्या विमानांची उभी शेपटी आणि सुकाणू अधिक उंच होते. ट्रंकेतल्या फोटोंत एखादे विमान बाजूने दिसत असेल, तर त्याची शेपटी किटमधल्या शेपटीशी ताडून पाहा. खऱ्या विमानाची लांबी १२.०९ मीटर आणि पंखांचा विस्तार ११.८९ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये सुमारे १६८ आणि १६५ मिलिमीटर. या मापांवरून प्रमाण काढता येईल.

१९७१ साली काका विक्रांतवर होते असे आपण लिहिले आहे. ४ डिसेंबरला पांढऱ्या वाघांच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सी हॉक विक्रांतवरून उडाली आणि त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, पुढे चितगाव बंदरावरही. बॉयलरला तडा गेल्यामुळे विक्रांतचा वेग तेव्हा कमी झालेला होता, आणि अशा जहाजावरून ती विमाने रोज उडती ठेवणे हे मेकॅनिकांचे काम होते. शेपटीजवळ वाघ काढणार असाल, तर त्याचे चित्र फोटोवरूनच घ्या, मनाने काढू नका.

उत्तर: कुडाळहून, गणपतीच्या शाळेतला रंगारी

विमानाचे किट मी कधी जोडलेले नाहीत, तरी रंग आणि पावसाळा या दोन गोष्टींवर बोलण्याचा मला अधिकार आहे, कारण आमचे सगळे रंगकाम आषाढ-श्रावणातच असते. भर पावसात रंग देता येतो, पण कोणता रंग आणि किती घाईने, यावर सगळे अवलंबून आहे. लॅकर दमट दिवशी मारला तर त्यातला द्रव भराभर उडून पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग दुधाळ पडतो. एकदा मी एका मूर्तीच्या पितांबरावर चकाकी मारली आणि सकाळी पाहतो तर पिवळ्यावर साय धरल्यासारखा थर आलेला. पुन्हा घासून सगळे नव्याने करावे लागले. एनॅमल रंग असा दुधाळत नाही, पण तो हवेशी संयोग होऊन कडक होतो आणि त्याला वेळ लागतो. हाताला कोरडा लागला तरी आठवडाभर त्यावर चिकटपट्टी लावू नका.

आम्ही शाळेत ओल्या मूर्तीजवळ बल्ब लावतो. तुम्ही ते करणार असाल तर फार जपून करा. माती ऊन सोसते, हे प्लास्टिक उकळत्या पाण्याएवढ्या उष्णतेच्या आधीच मऊ पडून वाकते. विमान मोठ्या झाकणाच्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या घालणे बरे. धूळही बसणार नाही.

भारताच्या खुणेसाठी, म्हणजे तिरंगी वर्तुळासाठी, तयार डिकल मिळाले तर उत्तमच, पण ते हातानेही साधते. घरच्या छपाईयंत्राला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून पारदर्शक डिकल कागदावर छापलेला केशरी रंग करड्या पृष्ठभागावर मळकट दिसतो. त्यापेक्षा आधी पूर्ण पांढरी चकती रंगवा आणि सुकू द्या. मग कंपासला रेखणी लावून बाहेरचे केशरी कडे आणि आतला हिरवा ठिपका ओढा. केशरी बाहेर, पांढरा मधे, हिरवा केंद्रात. रंग दुधाइतका पातळ ठेवा आणि रेखणी प्रत्येक वळशानंतर पुसा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना आम्ही श्वास रोखतो असे लोकांना वाटते, पण खरे कौशल्य मनगट टेकवण्यात आहे. विमानाच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची दोन पुस्तके ठेवून त्यांवर मनगट टेका, रेघ हलणार नाही.

वैमानिकाचा चेहरा सावळा रंगवला आहे हे वाचले तेव्हा मी क्षणभर थांबलो. तिळाएवढ्या जागेत रंग मिसळून भरणाऱ्या माणसाचा हात चांगला होता. त्या चेहऱ्यावर पुन्हा ब्रश फिरवू नका. कॅनपी लावण्याआधी कॉकपिटमधली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा, तिथे पाणीही नको.

उत्तर: रत्नागिरीहून, पंधरा वर्षे किट जोडणारा

कुडाळच्या बंधूंनी कॅनपीचा विषय काढला, तेवढे पुरवतो. मी पांढऱ्या गोंदाला शिशाजवळ मनाई केली, पण कॅनपीसाठी तोच घ्या. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून ते कायमचे धुरकट होते, आणि ते आतल्या बाजूने झाले तर पुसताही येत नाही. तुमच्या कॅनपीवर चरे असतील तर २००० च्या वॉटर पेपरने पाण्यात हलके घासा आणि मग सुती फडक्यावर टूथपेस्ट घेऊन चमक आणा.

डिकलच्या पिवळेपणावर उपाय उन्हाचा आहे. कागद पारदर्शक पिशवीत सिलिका जेलसह बंद करून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. मात्र यासाठी दसऱ्यानंतरचे ऊन हवे, आता लावून उपयोग नाही. ब्रिटिश चिन्हे तुम्ही वापरणार नसलात, तरी त्या कागदावर बारीक इंग्रजी सूचना असतील तर त्या चालतील, कारण विमाने ब्रिटनमध्येच बांधलेली होती. आधी नको असलेले एक चिन्ह पाण्यात टाकून पाहा. तुकडे पडले, तर उरलेल्या सगळ्यांवर पारदर्शक वॉर्निशचा एक हात देऊन, सुकल्यावर प्रत्येक चिन्ह कडेने कापून मगच भिजवा.

प्रश्नकर्ता: देवगडचा पुतण्या

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. अलिबागच्या सद्गृहस्थांच्या सांगण्याप्रमाणे पडवीतल्या उजेडात सर्व बाजूंनी एकवीस छायाचित्रे काढून ठेवली आहेत. त्यांच्या म्हणण्यावर मी दोन दिवस विचार केला. विमान पुरे करायचे मी ठरवले आहे, पण पाठीवरच्या सांध्याची एक बोटभर जागा, जिथे काकांचा गोंद बाहेर आला आहे, ती पुट्टी न भरता तशीच राखणार आहे. ती जागा पंखांच्या मागे आहे आणि वरून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

टॉर्च धरून पाहिला, नाकातली पोकळी अंगठ्याच्या पेराएवढी आहे. शिशाची गोळी शेजारच्या दर्यावर्द्यांकडून मिळाली. त्यांनी तीन दिल्या, पैसे घेतले नाहीत. पेन्सिलीवर तोलून पाहता दीड गोळी पुरते, मी दोन घालणार आहे.

शेपटीचा प्रश्न मात्र मोठा निघाला. वास्कोच्या निवृत्त नौसैनिकांनी लिहिल्याप्रमाणे फोटो शोधले, तर एकात काका सी हॉकच्या बाजूला उभे आहेत आणि विमान जवळजवळ पूर्ण बाजूने दिसते. फोटोवर पट्टी ठेवून लांबी आणि शेपटीची उंची मोजली, तेच किटवर मोजले आणि प्रमाण काढले. फोटोतली शेपटी किटमधल्या शेपटीपेक्षा उंच आहे. फोटो किंचित तिरका असल्याने माप नेमके म्हणता येणार नाही, पण फरक डोळ्यांनाही दिसतो. म्हणजे काका ज्या विमानाजवळ उभे आहेत ते जर्मनांकडून आलेले असणार. धडाबरोबर शेपटीही काकांनीच चिकटवलेली आहे, ती उंच करायची तर तिच्यावर काम करावेच लागेल.

उत्तर: वास्कोहून, निवृत्त नौसैनिक

शेपटी कापू नका. प्लास्टिक शीटची पातळ पट्टी वरच्या कडेवर उभी चिकटवा, ती पक्की झाल्यावर दोन्ही बाजूंनी उताराने घासा, आणि सुकाणूची रेघ नव्या भागावर पोलादी पट्टी धरून पुढे ओढा. काकांची शेपटी आत तशीच राहील. शक्य असल्यास तो फोटो येथे टाका. विमानाच्या अंगावरचा क्रमांक वाचता आला, तर रंगवण्याआधी तोही पक्का करून घेऊ.

प्रश्नकर्ता: देवगडचा पुतण्या

फोटो आज संध्याकाळी स्कॅन करून टाकतो. क्रमांकाचे पहिले दोन आकडे दिसत आहेत, तिसऱ्यावर काकांचा खांदा आहे.